आधी मोजणी, मग खरेदी

आमच्या घरातल्या एका कपाटाच्या तळाशी कापडी पिशव्यांचा ढीग साठला आहे. प्रत्येक पिशवी ‘यापुढे प्लास्टिक नको’ अशा निश्चयाने घरात आली, आणि निश्चय दर वेळी नव्याने होत असल्यामुळे पिशवीही दर वेळी नवी आली. ब्रिटनच्या पर्यावरण संस्थेने २०११ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, एकदाच वापरून टाकून दिलेल्या पातळ प्लास्टिकच्या पिशवीशी तापमानवाढीच्या हिशेबात बरोबरी साधायची असेल, तर सुती पिशवी किमान १३१ वेळा वापरावी लागते, कारण कापूस पिकवण्यापासून कापड विणण्यापर्यंत बरीच ऊर्जा खर्च झालेली असते. प्लास्टिकचा कचरा माती-पाण्यात वर्षानुवर्षे राहतो हे या आकड्यात धरलेले नाही, त्यामुळे पातळ प्लास्टिकची तरफदारी करण्याचा माझा हेतू नाही. मात्र आमच्या ढिगातल्या निम्म्या पिशव्या दहा वेळाही घराबाहेर पडलेल्या नव्हत्या. तेव्हापासून, पर्यावरणाच्या नावाने काहीही विकत आणण्यापूर्वी घरात काय आहे आणि काय खर्च होते ते मोजायचे, असा नियम मी स्वतःला घालून घेतला.

सुरुवात विजेपासून केली. खोलीतून बाहेर पडताना दिवा बंद करण्याबाबत आमच्या घरात कडक शिस्त होती आणि त्याचा आम्हांला थोडा अभिमानही होता. पण २० लिटर पाण्याचे तापमान २५ अंशांनी वाढवायला साधारण ०.५८ युनिट वीज लागते, आणि तेवढ्याच विजेवर ९ वॅटचा एलईडी दिवा सुमारे ६४ तास जळू शकतो, हे गणित कागदावर मांडल्यावर आमची शिस्त चुकीच्या जागी खर्च होत होती हे कळले. पाण्याला ऊब द्यायला फार ऊर्जा लागते. तो पाण्याचा गुणधर्मच आहे आणि कोणत्याही कंपनीचे यंत्र आणले तरी तो बदलत नाही. म्हणून आम्ही गीझरचे तापमान उतरवले, गरजेपुरताच तो चालू ठेवू लागलो, आणि फारसे मळके नसलेले कपडे थंड पाण्यात धुऊन दोरीवर वाळवू लागलो. यासाठी काहीही विकत घ्यावे लागले नाही, आणि मीटरवरच्या आकड्यात फरक दिसला तो यामुळेच.

इथे एक कबुली द्यायला हवी. जुने दिवे काढून एलईडी बसवल्यावर ‘आता वीज लागतेच किती’ असे म्हणत आम्ही बाल्कनीतला दिवा रात्रभर चालू ठेवू लागलो होतो. विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स या ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञाने १८६५ सालीच दाखवून दिले होते की वाफेची इंजिने अधिक कार्यक्षम झाल्यावर कोळशाचा एकूण खप घटला नाही, उलट वाढला. आमची बाल्कनी त्या निरीक्षणाची लहानशी पुष्टी होती.

पाण्याची मोजणी त्या मानाने सोपी. ठिबकणाऱ्या नळाखाली तासभर मापाचे भांडे ठेवले तेव्हा त्यात पाऊण लिटर पाणी जमले, म्हणजे दिवसाला १८ लिटर. वायसर बदलल्यावर ते थांबले. शौचालयाच्या टाकीची गळती कानाला ऐकू येत नाही, म्हणून टाकीत खाण्याच्या रंगाचे चार थेंब टाकावेत आणि अर्धा तास फ्लश न करता थांबावे. खालच्या भांड्यात रंग उतरला तर आतली झडप गळते आहे असे समजावे. छतावरच्या पावसाचा हिशेबही तोंडी करता येतो: एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी.

मला सर्वांत जास्त शिकवले ते अन्नाने. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२४ सालच्या अहवालाप्रमाणे, २०२२ या एका वर्षात जगभर सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेले, आणि त्यातला साधारण ६० टक्के वाटा घराघरांतला होता. हा आकडा वाचून मी आधी इतरांच्या घरांचाच विचार केला. मग फ्रिजच्या दारावर कागद चिकटवला आणि पंधरा दिवस, टाकून दिलेला प्रत्येक पदार्थ कारणासह लिहून ठेवला. वाईट लागले म्हणून टाकलेले जवळजवळ काहीच नव्हते. बहुतेक नोंदींपुढे एकच कारण होते, ‘मागे राहून गेले’. उपाय अगदी साधा निघाला: डोळ्यांसमोरचा कप्पा फक्त ‘आधी संपवायच्या’ गोष्टींसाठी राखून ठेवला.

तरीही साली आणि देठे उरतातच. ती कचराभूमीत गेली की ढिगाखाली ऑक्सिजनविना कुजतात आणि त्यांतून मिथेन वायू निघतो. शंभर वर्षांच्या हिशेबात त्याची उष्णता अडवण्याची क्षमता कार्बन डायऑक्साइडच्या २७ पटींहूनही अधिक आहे. म्हणून आम्ही घरीच खत करायला घेतले, आणि पहिला डबा नासला. तिसऱ्या आठवड्यात त्याला असा दर्प येऊ लागला की झाकण कोणी उघडायचे यावरून घरात वाद झाले. चूक अशी होती की आम्ही डब्यात फक्त ओला कचरा टाकत होतो. जिवाणूंना कार्बन आणि नायट्रोजन साधारण २५ ते ३० ला एक या प्रमाणात लागतो, ओल्या कचऱ्यात नायट्रोजन त्या मानाने जास्त असतो, आणि पाण्याने गच्च झालेल्या ढिगात हवा खेळत नाही. दर ओंजळभर ओल्या कचऱ्यावर दोन ओंजळी वाळलेला पाला टाकू लागलो तेव्हा दर्प गेला. ओलाव्याची परीक्षा हातानेच करावी: मूठभर मिश्रण घट्ट दाबल्यावर बोटांतून एखाददुसरा थेंब निघाला तर ठीक, धार लागली तर पाला वाढवावा.

घरातले यश पाहून आम्ही संपूर्ण इमारतीसाठी मोठा हौद करायचे ठरवले, आणि तोही फसला. बैठकीत ठराव एकमताने मंजूर झाला होता. पण सर्वांचे काम असल्यामुळे ते कोणाचेच नव्हते. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९ साली अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले ते याच प्रकारच्या प्रश्नावरील अभ्यासासाठी. सामाईक कुरणे, मच्छीमारी आणि पाटाचे पाणी टिकते कुठे, याचा शोध घेताना त्यांना आढळले की जिथे वापरणारेच नियम ठरवतात, एकमेकांवर लक्षही तेच ठेवतात आणि पहिल्या चुकीला शिक्षा सौम्य असते, तिथे सामाईक वस्तू टिकते. दुसऱ्या खेपेस आम्ही पाळ्या लावल्या, हौदाशेजारी वही टांगली, आणि कचऱ्यात प्लास्टिक सापडले तर दंड न करता फक्त वहीत तशी नोंद करायची असे ठरवले. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, ढीग प्रत्यक्ष खालीवर करणाऱ्या माळीकाकांना या वेळी आधी विचारले. हौदाची भिंत उंच असल्यामुळे फावडे आत नीट फिरत नाही, असे त्यांनी पहिल्याच मिनिटाला सांगितले. पुढच्या बाजूला काढता येतील अशा फळ्या बसवल्या. आता ढिगाचे तापमान ५५ अंशांच्या वर जाते, आणि फळी काढली की सकाळी त्यातून वाफ निघताना दिसते.

ऑस्ट्रॉम यांचे नोबेल जाहीर झाले त्याच महिन्यात, ऑक्टोबर २००९ मध्ये, मार्टिन पोस्तमा या डच पत्रकार महिलेने ॲम्स्टरडॅम येथे पहिला ‘रिपेअर कॅफे’ भरवला. मोडकी वस्तू घेऊन यायचे आणि जाणत्या माणसाशेजारी बसून ती दुरुस्त करायला शिकायचे, अशी ती पद्धत आहे. आम्ही महिन्यातून एका रविवारी तिचे अनुकरण करतो. तुटलेल्या वायरी, सैल प्लग, अडकलेल्या चेन हमखास दुरुस्त होतात. बॅटरी गोंदाने चिकटवून बंद केलेली उपकरणे मात्र बहुधा परत जातात, आणि ती तशी बनवण्यामागचा हेतू मला कधीच निरागस वाटलेला नाही.

त्या रविवारांतून आणखी एक गोष्ट निघाली: ड्रिल, शिडी, पाने असे वर्षातून दोनदा लागणारे सामान प्रत्येकाने विकत घेण्याऐवजी एका ठिकाणी ठेवून नोंदवहीत सही करून न्यायचे. ही व्यवस्था बहुतांशी सुरळीत चालते. सध्या फक्त शिडी दोन आठवडे परत आलेली नाही, आणि वहीतली शेवटची सही माझी आहे.