कंटेम्प्ट म्हणजे फक्त जजवर टीका नव्हे

कंटेम्प्ट, म्हणजे कोर्टाचा अवमान, म्हटलं की लोकांना आठवतात वकील प्रशांत भूषण, 2020 मधली न्यायव्यवस्थेवर टीका करणारी त्यांची ती दोन ट्विट्स आणि 1 रुपया दंड. त्यामुळे कंटेम्प्ट म्हणजे जजला नावं ठेवणं असंच सगळ्यांच्या डोक्यात बसलंय. ते झालं क्रिमिनल कंटेम्प्ट, आणि त्यातलं "कोर्टाची बदनामी" हे कलम तर इंग्लंडने 2013 मध्येच काढून टाकलं, आपल्याकडचंही जावं असं मला मनापासून वाटतं.

पण कोर्टाच्या अवमानाच्या 1971 च्या त्याच कायद्यात सिव्हिल कंटेम्प्टही आहे आणि सामान्य माणसाच्या कामाचा तोच. कोर्टाने ऑर्डर दिली, किंवा कोणी कोर्टाला लेखी हमी दिली, आणि जाणूनबुजून पाळली नाही, की झाला अवमान. यात मंत्रीसुद्धा सुटत नाहीत. आपल्याच राज्यात स्वरूपसिंह नाईक वनमंत्री असताना कोर्टाचे आदेश डावलून सॉ मिल्सना (लाकूड कापायच्या गिरण्यांना) परवानग्या दिल्या गेल्या, त्यापायी 2006 मध्ये सुप्रीम कोर्टाने त्यांना आणि खात्याच्या प्रधान सचिवांना 1-1 महिन्याची कैद सुनावली.

माझ्या आत्याची फॅमिली पेन्शनची केस होती. हायकोर्टाने मुदत घालून पैसे द्यायला सांगितलं, मुदत उलटली तरी ऑफिसात एकच उत्तर, "फाईल वर गेलीये मॅडम". सत्तरीची बाई, गुडघे दुखतात, हातात सही-शिक्क्याची ऑर्डर आणि तरी त्या टेबलावरून ह्या टेबलावर. शेवटी वकिलांनी अधिकाऱ्याच्या नावाने नोटीस पाठवली, की ऑर्डर पाळा नाहीतर कंटेम्प्ट टाकतो, आणि तीच फाईल भराभर खाली आली. नोटीस खात्याला नाही तर त्या माणसाच्या नावाने जाते ना, तिथेच खरी मेख आहे. शिक्षा 6 महिन्यांपर्यंत कैद किंवा 2000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, दंडाचं कोणाला काही वाटत नाही पण कोर्टात जातीने उभं राहून खुलासा द्यायचा म्हटलं की भलेभले हलतात.

तर कोणाकडे अशी ऑर्डर कपाटात पडून असेल तर आधी तिची सर्टिफाइड कॉपी आणि अर्ज ऑफिसला देऊन पोच घ्या. आणि तारखेकडे लक्ष ठेवा, अवमान झाल्यापासून 1 वर्षाच्या आत कोर्टात जावं लागतं, त्याच कायद्याचं कलम 20 बघा. बरेच जण साहेब आज करतील, उद्या करतील म्हणत थांबतात आणि ते वर्ष तसंच निघून जातं.