ग्राम्फू ते बातल: टायर, हवा आणि एक नाला

मनालीपर्यंतच्या प्रवासाबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. हायवे, टोलनाके, ट्रकांच्या रांगा, मुक्काम, परत हायवे. 3 ऑक्टोबर 2020 ला सुरू झालेला 9.02 किलोमीटरचा अटल बोगदासुद्धा बघता बघता मागे पडला. पलीकडे उजवीकडे वळलं की कोकसर आणि पुढे ग्राम्फू. तिथून रोहतांगची वाट वळणं घेत वर चढते आणि स्पितीतल्या काझाची वाट चंद्रा नदीच्या काठाकाठाने आत शिरते. कागदोपत्री हा राष्ट्रीय महामार्ग 505. प्रत्यक्षात बातलपर्यंतचं पन्नासेक किलोमीटर म्हणजे नदीतले गोटे, फुटक्या दगडांचे धारदार तुकडे, मधूनच चिखल, आणि डोंगरावरून थेट रस्त्यावर उतरणारे नाले. ही सगळी सहल मी खरं तर या पट्ट्यासाठी केली, आणि लेखही त्याच्याचसाठी लिहितेय.

ग्राम्फूला गाडी कडेला घेतली. भावाच्या हातात हवेचा दाब मोजायचं गेज, मी व्हॉल्व्हपाशी. चारही टायरची हवा 20 पीएसआयवर (दाबाचं एकक) आणली. मागून येणारी जवळजवळ प्रत्येक गाडी थांबली, काच खाली झाली, "पंक्चर है क्या?" अशी चौकशी झाली. डोंगरातल्या रस्त्यावर लोक अजून थांबतात, विचारतात, आणि मला याचं फार अप्रूप आहे. पण आम्ही काय करतोय ते सांगितल्यावरही त्यांच्यातल्या कुणी स्वतःच्या गाडीची हवा कमी केली नाही, याचं वाईट वाटलं. हवा कमी केली की टायर जमिनीवर लांबट पसरतो. दगडावर आपटून उसळण्याऐवजी दगडाला लपेटून पुढे सरकतो. टच्च फुगलेल्या टायरमध्ये धारदार दगड पटकन घुसतो, लवणाऱ्या टायरमध्ये तितका सहज घुसत नाही. दोन पथ्यं मात्र पाळावी लागतात. साइडवॉल, म्हणजे टायरची कूस, थोडी बाहेर फुगलेली असते, त्यामुळे दगडांच्या कडेला घासून जायचं नाही. आणि वेग तिशीच्या वर न्यायचा नाही. त्या रस्त्यावर तसाही तो जात नाही.

आता टायरबद्दल. या सहलीच्या तयारीत सगळ्यात जास्त वेळ मी टायर निवडण्यात घालवला. गाडी जिम्नी, मारुतीची छोटी फोर-व्हील ड्राइव्ह. कंपनीतून आलेले टायर 195/80 आर15, हायवेचे, म्हणजे एचटी. ते बदलायचे ठरवल्यावर ज्याच्या दुकानात गेले त्याचा पहिला सल्ला एकच: "मॅडम, एमटी टाका, गाडीला लुक येतो." लुक! पोटच्या पोरासारखी जपलेली गाडी आपण साडेचार हजार मीटरवर नेणार, आणि समोरचा माणूस ती पार्किंगमध्ये कशी दिसेल ते सांगतोय. मला या सल्ल्याचा मनापासून राग येतो, कारण तो ऐकून लोक खरंच पैसे घालतात आणि मग नाल्यात अडकतात.

एमटी, म्हणजे मड-टेरेन टायर चिखलासाठी बनवलेला असतो. मोठे गट्टे, त्यांच्यामध्ये रुंद मोकळ्या जागा. चाक फिरलं की चिखल त्या फटींतून बाहेर फेकला जातो. चिखलात त्याला तोड नाही. पण ओल्या, गुळगुळीत गोट्यावर आणि ओल्या डांबरावर रबराचा जितका भाग जमिनीला टेकायला हवा तितका टेकत नाही, शिवाय गट्ट्यांवर बारीक चिरा कमी असतात. ओल्या पृष्ठभागावर पकड याच चिरांच्या कडांमुळे मिळते. ऑल-टेरेन, म्हणजे एटी टायर एचटी आणि एमटीच्या मधला: गट्टे जवळजवळ, त्यांवर चिरा, खांद्यापाशी थोडी उघडी नक्षी. ही जात आजची नाही, बीएफगुडरिचने 1976 मध्येच ऑल-टेरेन रेडियल बाजारात आणला होता. माझ्या प्रवासाचा नव्वद टक्के भाग डांबराचा होता. उरलेल्यात चिखल थोडा, दगड आणि पाणी जास्त. मग एमटी कशाला?

साइज 215/75 आर15 घेतला. टायरचा व्यास 693 मिलिमीटरवरून 703.5 झाला, म्हणजे गाडी फक्त पाच मिलिमीटर वर उचलली गेली. मोठे टायर टाकून गाडी "खूप उंच झाली" म्हणणाऱ्यांनी हा हिशोब एकदा करून बघावा, व्यास वाढतो त्याच्या निम्मीच उंची मिळते. मला उंचीपेक्षा साइडवॉलचं मांस हवं होतं. ती 156 वरून 161 मिलिमीटरवर गेली आणि टायर रुंदही झाला, त्यामुळे आत हवा जास्त मावते. स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवून टायर आत कुठे घासत नाही हे बघितलं आणि मगच पुढचे पैसे दिले.

दुकानदाराचा दुसरा आग्रह दहा प्लायच्या, म्हणजे दहा पदरांच्या ताकदीच्या, एलटी (लाइट ट्रक) टायरचा होता. "कभी फटेगा नहीं." त्याच्या शब्दावर विसंबण्यापेक्षा टायरवर लिहिलेलं वाचावं. मूळ टायरचा लोड इंडेक्स 96, म्हणजे एक टायर 710 किलो पेलतो. चार टायर मिळून 2,840 किलो. माझी गाडी माणसं-सामानासकट दीड हजार किलोच्या आसपास. इतक्या हलक्या गाडीला ट्रकासारखा कडक टायर घातला तर हवा कमी करूनही तो लवणार नाही, आणि सगळे धक्के सस्पेन्शनला आणि पाठीला बसतील. जड पिकअपला, पाच-सहा माणसं आणि टपावर सामान नेणाऱ्या मोठ्या गाडीला तो ठीक. मी लोड इंडेक्स 100 चा, 800 किलो पेलणारा साधा एटी घेतला. साइडवॉलवर गट्टे असलेला मात्र हट्टाने मागितला.

तारखेवरूनही वाद झाला. टायरवर डॉट या अक्षरांनी सुरू होणारा एक क्रमांक असतो. त्याचे शेवटचे चार आकडे म्हणजे आठवडा आणि वर्ष: 2319 असेल तर 2019 चा तेविसावा आठवडा. मला दाखवलेल्या संचात वेगवेगळ्या वर्षांचे टायर होते. जून 2020 मध्ये केंद्र सरकारने टायरची आयात निर्बंधित यादीत टाकल्यापासून बाहेरच्या टायरांचे पर्याय कमी झालेत, आणि मग पडून राहिलेला माल "इम्पोर्टेड आहे" म्हणून गळ्यात मारायला बघतात. मी नाही घेतला. दुसरीकडे पाचही टायर एकाच वर्षाचे मिळाले. पाच, कारण स्टेपनीही त्याच साइजची हवी. फोर-व्हील ड्राइव्हमध्ये एक चाक वेगळ्या व्यासाचं बसलं तर त्याचा ताण गिअर आणि डिफरन्शियलवर येतो.

तर, नाला.

बोगद्याच्या अलीकडच्या वाहतूककोंडीत सकाळ गेली होती, त्यामुळे वाटेतलं छत्रू ओलांडेपर्यंत ऊन चांगलंच तापलं. या रस्त्यावर नाले सकाळी ओलांडावेत ते याचसाठी. ऊन चढतं तसा वरचा बर्फ वितळतो आणि दुपारी तोच नाला दुप्पट होऊन येतो. छत्रूच्या पुढे अशाच एका नाल्यापाशी गाड्या थांबलेल्या दिसल्या. मधोमध एक मोठी एसयूव्ही, एमएच पासिंग, कोरे करकरीत एमटी टायर. चालकाच्या जागी पन्नाशीचे एक काका, मागे काकू पर्स छातीशी धरून बसलेल्या. काठावरची सगळी मंडळी ओरडत होती, "रेस दो! रेस दो!" काका रेस देत होते. चाकं जागच्या जागी फिरत होती आणि प्रत्येक फेऱ्यासरशी खालचे गोटे मागे उडून गाडी आणखी बसत होती. इतक्या लोकांत एकालाही पाण्यात उतरावंसं वाटलं नाही. सगळ्यांचे मोबाइल मात्र वर होते. मला ते दृश्य अजिबात सहन होईना.

पँट गुडघ्यापर्यंत दुमडून भाऊ आणि मी पाण्यात शिरलो. त्या पाण्यात काही सेकंदांत पायाची बोटं आपली वाटेनाशी होतात.

"काका, आधी रेस बंद करा. हवा किती आहे?"

"पस्तीस. मनालीत फुल भरून घेतलीय."

"कमी करूया. अठरावर आणू."

"अहो ताई, एवढ्या दगडांत हवा कमी केली तर टायर फाटेल ना!"

काकांची भीती मला कळत होती. आपल्याकडे हवा कमी असणं म्हणजे हलगर्जीपणा, असंच लहानपणापासून ऐकलेलं असतं. वाद घालायला वेळ नव्हता. काकूच म्हणाल्या, "अहो, ती सांगतेय तर करू दे की." पुढच्या दोन चाकांचे व्हॉल्व्ह पाण्याच्या वर होते, त्यांचं सोपं गेलं. मागच्या डाव्या चाकाचा व्हॉल्व्ह पाण्याखाली होता. भावाने चाचपडत टोपी काढली, किल्लीच्या टोकाने पिन दाबली, आणि पाण्यातून पांढऱ्या बुडबुड्यांची सरळ रेघ वर यायला लागली. टायर खाली पसरताना बघायला मिळाला: आधी रिमच्या खालची साइडवॉल नुसती ताठ, मग हळूहळू तिला एक सुरकुती, मग पोट. आधी एका दगडाच्या टोकावर तोललेलं चाक बाजूच्या दोन दगडांनाही टेकलं.

एवढ्यात मागे हिमाचल परिवहनची बस येऊन थांबली. चालक खाली उतरला, काहीही न बोलता पाण्यात आला, मागच्या चाकांमागचे दोन गोल गोटे काढून फेकले आणि पुढच्या बाजूला चपटे दगड रचायला लागला. त्याला बघून मग काठावरचे चारपाच जण उतरले. दगड रचून झाल्यावर तो काकांच्या खिडकीशी गेला. "फोर-लो में डालो. क्लच छोड़ो, रेस मत दो. बीच में गियर नहीं बदलना." काकांनी चारही चाकांना हळू पण जोर देणारा तो गिअर टाकला आणि तसंच केलं. गाडी एकदा हलली, थांबली, आणि मग इंजिन घोंगावल्याशिवाय, चालत निघाल्यासारखी पलीकडच्या काठावर चढली. काका उतरून टायरकडेच बघत राहिले. "मघाशीही हेच टायर होते," एवढंच म्हणाले.

त्यानंतर बस गेली. तिच्या टायरवर सरळ रेघांची साधी नक्षी, तीही बरीच झिजलेली. चालकाने गाड्या गेल्या ती वाट सोडली आणि थोडी खालून, जिथे पाणी रुंद पसरून खळाळत होतं तिथून बस काढली. खळाळतं पाणी उथळ असतं, शांत आणि काळं दिसतं तिथे खड्डा. आम्ही त्याच्याच रेषेतून गेलो.

बातलला पोचल्यावर टायर तपासले. डाव्या मागच्या टायरच्या साइडवॉलवर चंद्रकोरीसारखा काप होता, साधारण करंगळीच्या पेराएवढा. गट्ट्याचं रबर पापुद्र्यासारखं सुटलेलं. नखाने तो पापुद्रा उचलून आत बघितलं: काळं रबर, दोरे दिसत नव्हते. जिवात जीव आला. ट्रेडमध्ये, म्हणजे जमिनीला टेकणाऱ्या भागात, खिळा घुसला तर प्लग मारून काम भागतं, आमच्याकडे ते सामान होतंच. साइडवॉल दोऱ्यांपर्यंत कापली गेली तर त्यावर रस्त्यात इलाज नाही, स्टेपनी लावायची. तो काप गट्ट्याने झेलला होता. म्हणून सांगते, टायर घेताना समोरून नक्षी बघून झाली की त्याला आडवा पाडा आणि कुशीवर हात फिरवा. डोंगरात टायर कुशीतच जखमी होतो.

बातलच्या पुढे कुंझुम खिंडीत गेजने पुन्हा हवा बघितली. उंचावर बाहेरच्या हवेचा दाब कमी होतो, म्हणून टायरमध्ये हवा तेवढीच असूनही गेज जास्त दाखवतो. मनाली ते कुंझुम या चढाईत तीन पीएसआयच्या आसपास फरक पडतो. उलट थंडीने आकडा खाली येतो, दर साडेपाच अंशांना साधारण एक पीएसआय. दोन्हींची वजाबाकी होऊन आमचा आकडा जवळपास होता तिथेच होता. हे मला भलतंच आवडलं, भावाला नाही. तो थंडीने कुडकुडत गाडीत बसला होता.

खिंड उतरल्यावर लागणाऱ्या लोसर गावानंतर रस्ता सुधारला तशी हवा परत भरली. विरळ हवेत छोटा कंप्रेसर खूप वेळ घेतो, पण थांबण्यावाचून पर्याय नसतो. कमी हवेवर डांबरावरून वेगाने गेलं की साइडवॉल सतत दुमडून आतून तापते आणि टायर फुटू शकतो. काझा, की मठ, लांगझा, हिक्कीम, सगळं सुंदर. त्यावर पुष्कळांनी लिहिलंय.

परतीच्या हायवेवर एटी टायरचा घूंऽऽ असा आवाज सतत सोबत होता. ऐंशीच्या पुढे गाणी ऐकायची तर व्हॉल्यूम वाढवावा लागतो, आणि मायलेजही थोडं उतरतं. ते मी सोसते. पण दर पाच-सहाशे किलोमीटरवर कुणीतरी पंपावर हवा भरताना न विचारता पस्तीस मारून मोकळा होतो, ते मला सोसत नाही. दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर त्या गाडीचा आकडा लिहिलेला असतो, तो वाचायला किती वेळ लागतो?

आणि एक मागणी, रस्ता सांभाळणाऱ्यांकडे. या मार्गावर घोषणांचे फलक जागोजागी लावलेले आहेत. त्यातलाच एक ग्राम्फूला "हवा कमी करा" म्हणून लावा, लोसरला "हवा परत भरा" म्हणून लावा, आणि त्याच्याशेजारी एक कंप्रेसर ठेवा.