बूट आहेत, पण शेतात नाहीत

मी मृदाशास्त्र शिकवते. दक्षिण इथिओपियातल्या वोलायटा भागात काही वर्षं माझी नोकरी होती. ज्या लाल मातीचे नमुने आम्ही प्रयोगशाळेत चाळत होतो, त्याच मातीने आजूबाजूच्या गावांतल्या कितीतरी माणसांचे पाय सुजवले होते. त्याबद्दल लिहायचं बरेच दिवस मनात होतं.

सुजलेला, जाड पाय दिसला की आपल्याला पहिल्यांदा डास आठवतो. साहजिक आहे, हत्तीरोगाचे जंत डासच पसरवतात. पण वोलायटातल्या या रुग्णांच्या रक्तात जंत नसतात. त्यांच्या आजाराचं नाव पोडोकोनिओसिस. हत्तीरोगात सूज मांडीपर्यंत जाऊ शकते, पुरुषांमध्ये अंडवृद्धी होते. इथे सुरुवात पावलापासून होते, सूज वर चढते आणि बहुधा गुडघ्याखालीच थांबते. बहुतेकदा दोन्ही पाय सुजतात, एक जास्त, एक कमी. जगभरात असे सुमारे 40 लाख रुग्ण असावेत असा अंदाज आहे. सगळ्यात जास्त इथिओपियात आहेत; कॅमेरून, रवांडा, युगांडातही आहेत.

कारण आहे माती. मात्र कुठलीही माती नव्हे. ज्वालामुखीच्या खडकाची झीज होऊन तयार झालेली लाल चिकणमाती, समुद्रसपाटीपासून साधारण 1000 मीटरपेक्षा जास्त उंची आणि वर्षाला 1000 मिलिमीटरहून अधिक पाऊस, हे तिन्ही जिथे एकत्र येतं तिथे हा आजार असतो. एर्नेस्ट प्राइस नावाच्या ब्रिटिश शल्यविशारदाने 1970च्या दशकात इथिओपियात हिंडून रुग्ण कुठे आहेत आणि माती कुठली आहे हे ताडून पाहिलं. मातीच्या माणसाला असं काम वाचताना फार आनंद होतो. कारण तो नकाशा आधी खडकाचा आहे, मग रोगाचा.

या मातीतले सिलिका आणि अॅल्युमिनियमयुक्त खनिजांचे अतिसूक्ष्म कण पावलाच्या त्वचेतून आत शिरतात. शरीरातल्या पेशी ते गिळतात, पण त्यांची विल्हेवाट लावता येत नाही. मग लसीकावाहिन्यांत, म्हणजे पेशींभोवतीचं जादा पाणी वाहून नेणाऱ्या बारीक नळ्यांत, दाह होतो, वाहिन्या जाड होत होत बंद पडतात, आणि तुंबलेल्या मोरीसारखं पाणी मागे साठत जातं. हे काही एका पावसाळ्यात होत नाही, वर्षानुवर्षं अनवाणी चालण्यातून होतं.

मग अख्खं गाव त्याच मातीत राबत असताना काहींचेच पाय का सुजतात? हा प्रश्न माझे विद्यार्थी हमखास विचारायचे, आणि गावातली माणसंही. गावात त्याचं उत्तर शाप, नाहीतर घराण्याचा दोष असं असायचं. घराण्याचा संबंध खरंच आहे, पण वेगळ्या अर्थाने. रुग्णाच्या सख्ख्या भावंडाला हा आजार होण्याचा धोका इतरांच्या सुमारे पाचपट असतो. 2012 साली वोलायटातल्याच रुग्णांच्या जनुकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात रोगप्रतिकारशक्तीशी निगडित जनुकांशी या आजाराचा संबंध दिसला. म्हणजे काहींचं शरीर त्या कणांवर जास्त तीव्रतेने प्रतिक्रिया देतं. पण नुसत्या जनुकांनी पाय सुजत नाही. मातीशी गाठ पडावीच लागते. तरीही घरात हा आजार आहे एवढ्या एका गोष्टीपायी मुलींची लग्नं मोडतात, निरोगी बहिणीचंसुद्धा. हा आजार स्पर्शाने होत नाही, हे सांगून सांगून तिथल्या परिचारिकांचे घसे बसले असतील.

आता मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते बुटांचं. आजाराच्या जोखमीविषयी कुठेही वाचा, ‘अनवाणी चालणे’ पहिल्या क्रमांकावर असतं. ते खरंच आहे. पण पाहणीला आलेली माणसं दारात उभं राहून विचारतात, ‘तुमच्याकडे बूट आहेत का?’ आणि उत्तर येतं, ‘आहेत.’ बूट खरोखरच असतात. आठवडी बाजाराला जाताना, चर्चला जाताना, कुणाच्या मयताला जाताना ते पायात असतात. एका घरी दुभाषा म्हणून आलेल्या माझ्या विद्यार्थ्याने ‘आहेत’ म्हणणाऱ्या बाईंना पुढचा प्रश्न विचारला, ‘आणि शेतात, आई?’ त्या नुसत्या त्याच्याकडे बघत राहिल्या. शेतात बूट कोण घालतं! पावसात ती माती तळव्याला अशी चिकटते की दहा पावलांत बुटाचं वजन दुप्पट होतं आणि पाय निसटतो. मीही त्या शेतांत चालले आहे, त्यामुळे त्यांचं म्हणणं मला पटलं. नवे बूट चिखलात घालून खराब करायला पैसा लागतो, तो नाही. म्हणजे ज्या वेळी पाय मातीत सगळ्यात जास्त असतो, नेमक्या त्याच वेळी तो उघडा असतो.

शिवाय बुटांचा प्रकार. जुन्या टायरपासून बनवलेले सँडल स्वस्त आणि टिकाऊ, काट्याकुट्यांपासून वाचवतातही, पण पाऊल वरून उघडंच राहतं. प्लॅस्टिकचे बूट झाकतात, पण फाटले की आत माती भरते आणि ओल्या पायाला दिवसभर चोळत राहते. आणि बूट कोणत्या वयापासून? आजार बहुधा किशोरवयात किंवा विशीत दिसू लागतो, तेव्हा त्वचेत कण साठायला त्याच्या कितीतरी आधी सुरुवात झालेली असते. शाळेत जाताना पहिला जोड मिळाला तरी त्याआधीची सगळी वर्षं अंगणात आणि मातीच्या जमिनीच्या घरात अनवाणीच गेलेली असतात. म्हणून मला वाटतं, विचारायचंच असेल तर कितव्या वर्षी, कुठे, कोणत्या कामाला आणि दिवसातले किती तास, असं विचारावं.

पाय धुणं हाही बचावाचा तितकाच मोठा भाग. पाणी लांबून, चढ चढून डोक्यावर किंवा पाठीवर आणायचं असेल तर ते आधी स्वयंपाकाला, मग पिण्याला, गुरांना. पायांची पाळी शेवटी.

एका उपचार केंद्रावर मी हे पाय धुणं जवळून पाहिलं. तिशीतली असावी ती बाई. झग्याखाली पाय ओढून बसली होती. परिचारिकेने घमेलं ठेवलं, तिचं पाऊल सरळ हातात घेतलं आणि साबणाने बोटांच्या बेचक्या, कातडीच्या घड्या, एकेक भेग अशी धुवायला सुरुवात केली. पावलावर मऊ शेवाळासारखे दाणे उठले होते. परिचारिकेच्या हातात पाऊल गेलं तेव्हा त्या बाईने मान दुसरीकडे वळवली. धुऊन झालं, पाय मऊ फडक्याने टिपून कोरडे केले, मलम लावलं. मी सवयीने घमेल्याकडे बघत होते. जाडी रेती लगेच तळाशी बसली होती. वरचं पाणी मात्र आम्ही निघेपर्यंत लालच होतं. 2 मायक्रॉनहून बारीक कण असे तासन्‌तास तरंगत राहतात. प्रयोगशाळेतल्या नळकांड्यात मी ते असंख्य वेळा मुलांना दाखवलं होतं.

उपचाराला इंजेक्शन नाही, शस्त्रक्रिया क्वचितच. साबण, पाणी, मलम, पट्टी, पाय वर ठेवणं, मोजे आणि बंद बूट. एवढ्यानेही सूज उतरते आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे झटके कमी होतात. झटका म्हणजे पाय एकदम तापतो, ठणकतो, ताप भरतो आणि माणूस कित्येक दिवस अंथरुणाला खिळतो. वोलायटातल्या एका अभ्यासानुसार रुग्णाचे वर्षभरातले सुमारे 45 टक्के कामाचे दिवस या आजारात वाया जातात. कामच थांबलं तर बुटाला पैसे कुठून यायचे? आणि पाय एकदा मोठा झाला की दुकानातला कुठलाच बूट त्यात बसत नाही, मापाचा शिवून घ्यावा लागतो. ज्याला बुटाची सगळ्यात जास्त गरज, त्यालाच तो सगळ्यात महाग पडतो. याची मला फार चीड येते.

स्कॉटलंड, आयर्लंड, फ्रान्समध्येही कधीकाळी हा आजार होता. लोक रोजच्या रोज बूट घालू लागले आणि तो नाहीसा झाला.

अशा भागात कुणी शिकवायला, कामाला जाणार असाल तर मुलांच्या पायांकडे नक्की बघा. पावलाच्या पुढच्या भागाला खाज, रात्री तळपायाची आग, पंजा फेंदारलेला, बोटं जाड आणि ताठ, त्वचेच्या रेषा ठळक झालेल्या. या टप्प्यावर धुणं आणि बूट सुरू झाले तर पाय पुन्हा पूर्वीसारखा होऊ शकतो. विचारताना बूट आहेत का असं विचारू नका. शेतात काय घालतोस, ते विचारा.