एक्स्पोर्टचं बटण कुठंय?

नवीन अ‍ॅप कुणी सुचवलं की आपण आधी काय बघतो, तर दिसतं कसं, फुकट आहे का, रेटिंग किती, डार्क मोड आहे की नाही. मी हल्ली इन्स्टॉल केलं की पहिल्यांदा सेटिंग्जमध्ये जाते आणि एक्स्पोर्ट शोधते. उद्या हे सोडायचं ठरलं तर माझं माझं जे काही आहे ते मला घेऊन जाता येणार का, आणि आलंच तर कुठल्या अवस्थेत, एवढंच बघायचं असतं. ते बटण नसेल तर अ‍ॅप कितीही देखणं असू दे, माझ्या नोट्स, फोटो, खर्चाच्या नोंदी त्यात जात नाहीत. प्रत्येक रिव्ह्यूमध्ये हा प्रश्न सगळ्यात वर असायला हवा असं माझं ठाम मत आहे, पण कॅमेऱ्याच्या लेन्सवर अर्धा तास बोलणारे लोकसुद्धा याबद्दल अवाक्षर काढत नाहीत.

कारण सर्व्हिसेस बंद होतात हो. छोट्याच नाही, चांगल्या मोठमोठ्या. लोकांनी स्वतःची वेब पानं बनवलेलं जिओसिटीज २००९ मध्ये गेलं, ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ ला, याहू ग्रुप्स डिसेंबर २०२० मध्ये, स्काइप ५ मे २०२५ ला. मायस्पेसनं तर २०१९ मध्ये सांगून टाकलं की सर्व्हर हलवताना २०१५ च्या आधी लोकांनी चढवलेली गाणी गेली, संपलं, परत मिळणार नाहीत. कितीतरी नवख्या मुलामुलींनी आपलं पहिलं रेकॉर्डिंग तिथं टाकलं असेल आणि घरच्या कॉम्प्युटरवरून डिलीट केलं असेल, कारण नेटवर आहे ना! जिओसिटीजची जुनी पानं आज थोडीफार बघायला मिळतात ती आर्काइव्ह टीमसारख्या हौशी लोकांनी शेवटच्या महिन्यांत धावतपळत कॉपी करून ठेवली म्हणून. कंपनी एवढी मोठी आहे, करोडो लोक वापरतात, ती कुठं जातेय, हा जो आपला भरवसा असतो ना त्याला काही आधार नाही.

पण बंद होण्या-बंद होण्यातही फरक असतो आणि मला तोच महत्त्वाचा वाटतो. गूगल रीडर आठवतं का, सगळ्या साइट्सवरचं नवीन लिखाण एका जागी वाचायचं? मार्च २०१३ मध्ये त्यांनी जाहीर केलं आणि १ जुलैला बंद. लोक भयंकर चिडले, आजही त्याचं नाव काढलं की हळहळणारे भेटतात, मीही त्यातलीच. पण तेव्हा झालं काय, तर आपण फॉलो करत असलेल्या सगळ्या साइट्सची यादी ओपीएमएल नावाच्या एका साध्या फाइलमध्ये उतरवता यायची, ती फीडलीत किंवा दुसऱ्या कुठल्याही रीडरमध्ये टाकली की पाच मिनिटांत वाचन सुरू. कारण यामागची आरएसएस नावाची पद्धत कुणा एका कंपनीच्या मालकीची नव्हतीच, साइट आपल्या नव्या लिखाणाची यादी म्हणजे फीड देते, रीडर ते वाचतो, मधला रीडर बदलला तर साइटला पत्ताही लागत नाही. आज पॉडकास्टची बरीच अ‍ॅप्स हीच ओपीएमएल फाइल घेतात आणि देतात, म्हणून पॉडकास्टचं अ‍ॅप बदलणं हे अजूनही इतकं सोपं काम आहे.

आता पॉकेट बघा. २००७ मध्ये रीड इट लेटर म्हणून सुरू झालं, २०१७ मध्ये मोझिलानं घेतलं आणि ८ जुलै २०२५ ला बंद झालं. एक्स्पोर्ट दिलं त्यांनी, नाही असं नाही, पण त्यातून मिळायची ती लिंकांची यादी. दहा-पंधरा वर्षं लोकांनी लेख साठवले ते नंतर वाचता यावेत म्हणून, आणि जुन्या लिंकांपैकी कितीतरी तोवर मेलेल्या असतात, साइटच उडालेली असते, मग ती यादी घेऊन करायचं काय? लेखाचा मजकूर हवा असतो हो, पत्ता नाही. म्हणून मी आवडलेला लेख तेव्हाच्या तेव्हा पूर्ण पानासकट सेव्ह करते, ब्राउझरमध्ये ती सोय असतेच, किंवा सरळ पीडीएफ करते. पीडीएफ २००८ पासून आयएसओ स्टँडर्ड आहे, कुठल्याही मशीनवर उघडतं, आणि अजून वीस वर्षांनीही उघडेल असा विश्वास मला वाटतो.

या सगळ्यात माझं सगळ्यात आवडतं उदाहरण म्हणजे बुकमार्क. क्रोम किंवा फायरफॉक्समधून बुकमार्क एक्स्पोर्ट करा आणि ती एचटीएमएल फाइल नोटपॅडमध्ये उघडून बघा, पहिल्याच ओळीत नेटस्केपचं नाव असतं! तो ब्राउझर कधीच इतिहासजमा झाला, त्याला ज्यांनी हरवलं ते इंटरनेट एक्स्प्लोररही निवृत्त झालं, पण त्याची फाइलची पद्धत सगळ्यांनी घेतली आणि आजही तीच चालते. मला हे बघून दर वेळी खरंच भारी वाटतं.

बरं, एक्स्पोर्टचं बटण आहे म्हणून लगेच निश्चिंत व्हायचं नाही, ते दाबून, आलेली फाइल उघडून बघायची, कारण खरी गंमत तिथंच कळते. व्हॉट्सअ‍ॅपचं एक्स्पोर्ट चॅट घ्या. एक टेक्स्ट फाइल मिळते, वाचायला छान, पण ती परत व्हॉट्सअ‍ॅपमध्ये घालता येत नाही. परत घालता येतो तो बॅकअप, आणि बॅकअप फक्त व्हॉट्सअ‍ॅपलाच वाचता येतो. म्हणजे एक माणसाला वाचायची कॉपी आणि एक अ‍ॅपला वाचायची, आणि दोन्हींचा एकमेकींशी काही संबंध नाही. २०२१-२२ पर्यंत तर अँड्रॉइड आणि आयफोनमध्ये चॅट इकडून तिकडे न्यायची अधिकृत सोयच नव्हती, फोनची जात बदलली की वर्षानुवर्षांच्या गप्पा मागे. किती जणांनी केवळ त्यासाठी फोन बदलला नसेल!

गूगल ड्राइव्हचं तर अजून वेगळं आहे आणि हे खूप लोकांना माहीत नसतं म्हणून जरा थांबून सांगते. कॉम्प्युटरवर ड्राइव्हचं फोल्डर दिसतं, त्यात गूगल डॉक्सच्या फाइल्स दिसतात, आपण ते फोल्डर उचलून पेनड्राइव्हवर कॉपी करतो आणि वाटतं झाला बॅकअप. त्या जीडॉक फाइलमध्ये तुमचा मजकूर नसतोच! ती इवलीशी फाइल फक्त ऑनलाइन डॉक्युमेंटकडे बोट दाखवते. खातं बंद झालं, लॉक झालं, की त्या फाइलला काडीचा अर्थ नाही. डॉक्स खरोखर घ्यायचे असतील तर डाउनलोड करून डॉकएक्स किंवा ओडीटी करून घ्यावे लागतात, किंवा टेकआउटमधून, म्हणजे गूगलवरचा आपला सगळा डेटा एकदम उतरवून घ्यायच्या त्यांच्याच सोयीतून. माझ्या एका मैत्रिणीचा अख्खा प्रबंध असा कॉपी केलेला होता, मी सहज साइज बघितली आणि तिला म्हटलं अगं हे काय, एवढ्या जाड प्रबंधाची फाइल एवढीशी कशी? नशीब खातं चालू होतं, त्याच दिवशी सगळं नीट उतरवून घेतलं.

आणि फोटो. गूगल फोटोजवर १ जून २०२१ पर्यंत हाय क्वालिटीचे अमर्याद फोटो फुकट होते, मग ते १५ जीबीच्या हिशोबात आले, आणि तोवर लोकांचं सगळं आयुष्य तिथं जाऊन बसलं होतं. टेकआउट २०११ पासून आहे आणि मी ते मनापासून चांगलं मानते, कित्येक कंपन्या एवढंही करत नाहीत. पण त्यातून फोटो आणले की झिपच्या थप्प्या येतात आणि फोटोंच्या शेजारी जेसन फाइल्स असतात, फोटोची माहिती लिहिलेल्या साध्या टेक्स्ट फाइल्स. आता समजा तुम्ही आजीचा स्कॅन केलेला जुना फोटो चढवला, अ‍ॅपमध्ये त्याची खरी तारीख टाकली, खाली कोण कोण आहे ते लिहिलं. ती तारीख आणि ते लिहिलेलं फोटोच्या फाइलमध्ये जात नाही, त्या जेसनमध्ये राहतं. जेसन म्हणजे कचरा समजून लोक डिलीट करतात आणि पन्नास वर्षांपूर्वीचा फोटो स्कॅन केल्याच्या किंवा डाउनलोडच्या तारखेला जाऊन बसतो. एक्झिफटूल नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यानं जेसनमधली माहिती परत फोटोत लिहिता येते, कमांड लाइनवर चालतं म्हणून घाबरायला होतं पण घरात एखादा पोरगा-पोरगी असेलच की ज्याला हे जमतं, त्याला बसवा. तेवढं जमणार नसेल तर निदान जेसन फाइल्स उडवू नका, फोटोंबरोबरच ठेवा.

नोट्सच्या बाबतीत सर्व्हिस बंद होण्यापेक्षा नियम बदलण्याची भीती मला जास्त वाटते. एव्हरनोटनं डिसेंबर २०२३ मध्ये फुकट खात्याला ५० नोट्सची मर्यादा घातली. कंपनीला पैसे लागतात, मला ते मान्य आहे, मी स्वतः काही अ‍ॅप्सना दर वर्षी आनंदानं पैसे देते. पण पैसे मी काम आवडलं म्हणून द्यावेत, माझं लिखाण आत अडकलंय म्हणून नव्हे. आता माझ्या नोट्स साध्या टेक्स्ट फाइल्समध्ये आहेत, मार्कडाउनमध्ये, म्हणजे मथळा, ठळक अक्षर वगैरे साध्या चिन्हांनीच दाखवायच्या पद्धतीत, एक फोल्डर आणि त्यात फाइल्स, बस्स. ऑब्सिडियन नावाच्या नोट्सच्या अ‍ॅपमध्ये उघडते, कधी साध्या एडिटरमध्ये, फोनवर दुसऱ्याच अ‍ॅपमध्ये, नोट्सना काही फरक पडत नाही. अ‍ॅपलनंही २०२५ च्या अपडेटमध्ये त्यांच्या नोट्समधून मार्कडाउन एक्स्पोर्ट दिलं हे वाचून मला फार बरं वाटलं होतं, उशिरा का होईना.

आपल्या भाषेत लिहिणाऱ्यांनी तर हे जास्तच जपायला हवं असं मला वाटतं. युनिकोड, म्हणजे सगळ्या मशीनवर अक्षरं सारखीच ओळखली जातात ती पद्धत, येण्याआधीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या जुन्या मराठी फाइल्स ज्यांनी उघडून बघितल्यात त्यांना कळेल मी काय म्हणतेय. फाइल शाबूत, एक अक्षर उडालेलं नाही, पण तो विशिष्ट फॉन्ट मशीनवर नसेल तर समोर नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा गोंधळ. कन्व्हर्टर असतात, पण जोडाक्षरं आणि रफार कुठंतरी मार खातातच आणि मग ओळ न् ओळ तपासत बसा. त्या लोकांनी काही चुकीचं केलं नव्हतं, तेव्हा जे होतं ते वापरलं. आपल्याला मात्र आज निवड आहे.

विकत घेतलेल्या ई-बुक्सचं दुखणं याच घरातलं. मायक्रोसॉफ्टनं २०१९ मध्ये पुस्तकांचं दुकान बंद केलं तेव्हा जुलैपासून लोकांनी घेतलेली पुस्तकं उघडेनाशी झाली. पैसे परत दिले त्यांनी, पण वाचता वाचता केलेल्या खुणा आणि समासातल्या नोंदी त्या गेल्याच ना. किंडलच्या साइटवरून पुस्तक कॉम्प्युटरवर डाउनलोड करून ठेवायची सोयही २६ फेब्रुवारी २०२५ ला काढून घेतली. म्हणून जो प्रकाशक लॉक न लावता ईपब, म्हणजे ई-बुकची खुल्या फॉरमॅटमधली फाइल, देतो त्याच्याकडून मी आधी घेते.

कायद्यानं थोडा फरक पडलाय हे मान्य करायला हवं. युरोपचा जीडीपीआर हा लोकांच्या डेटाबद्दलचा कायदा मे २०१८ मध्ये लागू झाला, त्याच्या कलम २० मध्ये सरळ म्हटलंय की माणसाला त्यानं दिलेला डेटा मशीनला वाचता येईल अशा नेहमीच्या फॉरमॅटमध्ये परत मिळाला पाहिजे. इन्स्टाग्रामनं डेटा डाउनलोड दिलं ते त्याच्या जेमतेम महिनाभर आधी, आणि त्याचा फायदा युरोपबाहेरच्या लोकांनाही झाला.

मला लोक म्हणतात की अगं एवढं कोण बघतं, माझ्या फोनात असं काय मोठं आहे. पण रोज काय खाल्लं, किती चाललो, मूल पहिल्यांदा काय बोललं ते लिहून ठेवलेलं असतं, गेलेल्या माणसाचा व्हॉइस मेसेज असतो. ते मोठं नाही तर काय मोठं? आणि वेळ फार लागत नाही. दर तिमाहीला मी टेकआउट मागवते, चॅट उतरवते, हार्ड डिस्कवर टाकते, आणि त्यातल्या चार फाइल्स उघडून बघते. सर्व्हिस बंद होणार अशी बातमी आली की शेवटच्या आठवड्याची वाट बघत नाही, तेव्हा सगळेच तुटून पडलेले असतात आणि डाउनलोड अर्ध्यात तुटत राहतं.

पासवर्ड मॅनेजरमधून सीएसव्ही, म्हणजे तक्त्यासारखी साधी टेक्स्ट फाइल, काढता येते, नव्या मॅनेजरमध्ये घालता येते, फक्त त्या फाइलमध्ये सगळे पासवर्ड उघडे लिहिलेले असतात म्हणून काम झालं की ती लगेच उडवायची, रीसायकल बिनमधूनसुद्धा. पासकीचं, म्हणजे पासवर्डऐवजी फोनच्या लॉकनं किंवा बोटाच्या ठशानं लॉगिन करायच्या सोयीचं, मात्र अजून मला समाधान नाही. सुरक्षित आहेत, वापरायला सुटसुटीत आहेत, पण सुरुवातीची कित्येक वर्षं एका कंपनीकडून दुसरीकडे न्यायचा रस्ताच नव्हता. पासकीचे नियम ठरवणाऱ्या फिडो अलायन्स या कंपन्यांच्या संघटनेनं त्यासाठीच्या पद्धतीचा मसुदा ऑक्टोबर २०२४ मध्ये काढला, अ‍ॅपलनं २०२५ च्या सिस्टिममध्ये ती आणली, बाकीच्यांनीही लवकर आणावी असं फार वाटतं. तोवर मी नव्या पासकी अशाच मॅनेजरमध्ये बनवतेय जो माझ्या फोनवरही चालतो आणि लॅपटॉपवरही, आणि जिथं जिथं पासकी लावलीय त्या खात्यांचे रिकव्हरी कोड कागदावर छापून कपाटातल्या फाइलला लावलेत.