टर्नरच्या लेथपासून स्वतःच्या कारखान्यापर्यंत : आमची वाटचाल

आयटीआयमधून टर्नरचे शिक्षण घेऊन १९७९ साली मी कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात, ऑइल इंजिनचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यात शिकाऊ म्हणून लागलो. सुरुवातीला लेथला, म्हणजे धातूचा तुकडा फिरवत कापून आकार देणाऱ्या मशिनला, हात लावू दिला जात नसे. त्याच्या बेडवरचा धातूचा कीस झाडणे, मशिनला तेल देणे आणि मेस्त्रींच्या शेजारी उभे राहून पाहणे एवढेच काम होते. मेस्त्रींनी आधी शिकवले ते टूलला, म्हणजे धातू कापणाऱ्या पात्याला, धार लावणे. हायस्पीड स्टीलचा तुकडा ग्राइंडरवर धरून बिडासाठी (ओतीव लोखंडासाठी) टूलचा वरचा उतार कमी का ठेवायचा आणि नरम पोलादासाठी तो जास्त का लागतो, हे त्यांनी कीस दाखवूनच समजावले, कारण बिडाचा कीस भुगा होऊन पडतो आणि पोलादाचा वेटोळी घेत निघतो. फोर-जॉ चकमध्ये (चार जबड्यांच्या पकडीत) वाकडा बसलेला जॉब, म्हणजे घडवायचा तुकडा, डायल (बारीक फरक दाखवणारे मापयंत्र) लावून सेंटरला आणण्याची सवयही त्याच वयात हाताला लागली. आज इन्सर्ट (टूलच्या टोकाचा तयार, बदलता तुकडा) बदलून भागते, तरीही नव्या मुलाला मी आधी ग्राइंडरपाशीच उभे करतो, आणि इतर कारखानदारांनीही तसेच करावे.

पुढे जुना लेथ घेऊन गोकुळ शिरगावला स्वतःचे काम सुरू केले आणि ते चांगले चालले. मात्र २००८-०९ च्या मंदीत, आमच्याच हाताखाली शिकलेल्या एकाने शेजारच्या गल्लीत सीएनसी (संगणकावर चालणारे मशिन) बसवून आमच्या कच्च्या मालाच्या किमतीलाही न परवडणारा दर दिला. ज्या मोठ्या कंपनीला आम्ही वर्षानुवर्षे शाफ्ट (फिरणारे दांडे) आणि बुश (दांडा ज्यात फिरतो त्या नळ्या) पुरवले, तिने ऑर्डरी तिकडे वळवल्याच, शिवाय तिच्याच इन्स्पेक्टरने सही करून घेतलेला माल रिजेक्ट दाखवून आमची बिले अडवली. बँकेचे हप्ते थकले आणि कामगारांचा पगार निघेना.

त्या काळात आम्हाला सावरले ते कागल तालुक्यातल्या एका गुऱ्हाळमालकांनी. ऐन हंगामात ऊस पिळणाऱ्या चरकाचा गनमेटलचा (तांबे-कथिलाच्या मिश्रधातूचा) बुश गेला, तर तोडलेला ऊस पडून राहतो, रसातली साखर उतरते आणि गुळाचा रवा (ढेप) घट्ट बसत नाही. म्हणून ते संध्याकाळी झिजलेला बुश घेऊन येत आणि आम्ही ड्रॉइंगशिवाय, शाफ्टचे माप मायक्रोमीटरने घेऊन, पहाटेपर्यंत नवा बुश हातात देत असू. त्या वर्षी त्यांनी पुढच्या हंगामाचे पैसे आगाऊ दिले आणि आसपासच्या गावांतली गुऱ्हाळेही आमच्याकडे पाठवली. पगार झाले ते त्यातूनच.

तरुण उद्योजकांनी डिलिव्हरी चलानावर (मालासोबतच्या पावतीवर) तारखेसह सही घेतल्याशिवाय माल सोडू नये. २००६ च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग) कायद्यानुसार लघुउद्योगाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. न दिल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, महिन्याच्या हिशेबाने चक्रवाढ व्याज लागू होते. त्या मोठ्या कंपनीविरुद्ध आम्ही त्याच कायद्याखाली दाद मागितली. मुद्दल तुकड्यातुकड्यांनी मिळाले. व्याजाचा रुपयाही अद्याप आलेला नाही, आणि त्यावरचा हक्क मी सोडलेला नाही.