कोरं झबलं

रात्री पावणेबाराला धाकट्या बहिणीचा फोन आला. तिची तारीख अजून तीन आठवड्यांनी होती, त्यामुळे नाव बघूनच माझ्या पोटात गोळा आला.

"ताई, मुलगी झाली. दोघी छान आहोत. पण ऐक ना, कपडे सगळे पाकिटातच आहेत. एकसुद्धा धुतलेला नाही. आता?"

मुलगी झाल्याची बातमी एका दमात उरकून बाई थेट कपड्यांवर आली. कारण तिला सातवा लागल्यापासून मी एकच टुमणं लावलं होतं, कपडे धुऊन ठेव, कपडे धुऊन ठेव. लहान मुलांचे कपडे शिवणाऱ्या कारखान्यात मी सहा वर्षं चेकिंगच्या टेबलावर काढली आहेत. त्यामुळे या विषयात घरात माझा शब्द प्रमाण मानतात. बाकी कुठल्याच विषयात नाही.

"हॉस्पिटलच्या धुतलेल्या फडक्यात गुंडाळलंय ना तिला? मग राहू दे तशीच. अगदीच लागलं तर एखादं साधं पांढरं झबलं काढ, उलटं कर, आतून बोटं फिरव आणि घाल. एका रात्रीत काही होत नाही. बाकीचे उद्या तुझ्या नवऱ्याला धुवायला लाव."

"काही होत नाही, तर मग दोन महिने माझं डोकं का खाल्लंस?"

प्रश्न रास्त होता, पण रात्री बाराला बाळंतिणीला उत्तर द्यावं असा नव्हता. म्हणून इथे लिहितेय.

नवं म्हणजे स्वच्छ, असं आपण धरून चालतो. चकचकीत पाकीट, आत पुठ्ठा, पुठ्ठ्यावर घडी घातलेलं एवढंसं झबलं. मला मात्र ते पाकीट बघितलं की त्याच्या आधीचे हात दिसतात. कटिंगच्या टेबलावर कापडाचे थर एकावर एक अंथरून कापतात, तेव्हा कापसाची बारीक धूळ उडते आणि थरांमध्येच बसते. शिलाई मशीनमधून तेलाचा थेंब गळतो. तो डाग माझ्या टेबलावर आला की मी त्यावर स्पॉटिंगच्या गनने सॉल्व्हंट, म्हणजे डाग विरघळवणारं रसायन, मारायची. डाग गायब, कपडा पास. त्यानंतर तो पाण्यात जात नाही, वाफेच्या इस्त्रीखालून थेट पिशवीत जातो. शिवणाऱ्या, धागे कापणाऱ्या, तपासणाऱ्या, इस्त्रीवाले, पॅकिंगवाल्या, सगळ्यांचे हात त्याला लागलेले असतात. सर्दी झाली म्हणून यातलं कुणी सुट्टी घेत नाही. मीही घेत नव्हते.

हे झालं वरवरचं. कापडाच्या अंगात काय असतं ते वेगळंच. विणताना ताण्याचे (उभे) धागे तुटू नयेत म्हणून त्यांना खळ लावतात. होजिअरीच्या धाग्याला खळ नसते, त्याला मेण असतं. रंगाईच्या वेळी ही दोन्ही काढायची असतात आणि बरीचशी निघतातही, पण मग हाताला मऊ लागावं म्हणून वरून सॉफ्टनर चढवतात. दुकानात आपण झबलं गालाला लावून "किती मऊ आहे गं" म्हणतो ना, त्यातला थोडा मऊपणा कापसाचा आणि थोडा या लेपाचा.

एक प्रयोग करून बघा. कोऱ्या सुती लंगोटावर पाण्याचा एक थेंब सोडा. पुष्कळदा तो मण्यासारखा वरच बसून राहतो. कापूस मुळातच थोडा मेणचट, त्यावर हा लेप. तोच लंगोट तीनचारदा धुऊन पुन्हा थेंब सोडा, टेकताक्षणी पसरतो. म्हणजे कोरा लंगोट शू नीट शोषतच नाही, मांडीवरून ओघळू देतो. त्वचेचं राहू दे, नुसत्या सोयीसाठीसुद्धा लंगोट धुवायला हवेत.

आता ज्या नावाला सगळे घाबरतात ते. फॉर्माल्डिहाइड. हे उग्र वासाचं एक रसायन. सुरकुती पडू नये म्हणून सुती कापडावर जी रेझिनं, म्हणजे राळेसारखी रसायनं, चढवतात, त्यातून ते सुटतं. नव्या कपड्यांचं पाकीट फोडल्यावर कधी कधी नाकात झिणझिणतं, तेव्हा मला पहिला संशय त्याचाच येतो. त्याने डोळे चुरचुरतात आणि काहींच्या अंगावर पुरळ येतं. जपानने याविषयी १९७३ सालीच कायदा केला. दोन वर्षांखालच्या बाळांच्या कपड्यात ते जवळजवळ सापडताच कामा नये, मर्यादा १६ पीपीएम, म्हणजे किलोमागे १६ मिलिग्रॅम. चीनच्या नियमात बाळांच्या कपड्याला किलोमागे २० मिलिग्रॅम, तर मोठ्यांच्या अंगाला लागणाऱ्या कपड्याला ७५. आकड्यांतला हा फरकच पुष्कळ सांगतो. जपानला जाणारा लॉट असला की बाळांचे कपडे तयार झाल्या झाल्या बंद पिशवीत जायचे. मला आधी वाटायचं धुळीसाठी. मग सुपरवायझरने समजावलं की शेजारी मोठ्यांचे कपडे ठेवले असले तर त्यातून सुटलेला वायू हवेतून येऊन बाळाच्या कपड्यात मुरतो आणि तपासणीत आपला माल नापास होतो. म्हणजे शिवताना स्वच्छ असलेलं झबलं दुकानाच्या फळीवर पडून पडूनही बिघडू शकतं.

यातली चांगली गोष्ट एकच. फॉर्माल्डिहाइड पाण्यात विरघळतं. कापडात जेवढं मोकळं असतं, त्यातलं बरंचसं एका साध्या धुण्यात जातं.

मी स्वतः नवा कुडता न धुता घालते, खुशाल घालते. मग बाळाचंच एवढं कौतुक का? कारण नवजात बाळाच्या कातडीचा सगळ्यात वरचा थर आपल्यापेक्षा सुमारे ३० टक्के पातळ असतो. आपल्या त्वचेवर जो किंचित आंबटपणा असतो, तोही जन्मताना नसतो, पुढच्या काही आठवड्यांत येतो. शिवाय वजनाच्या मानाने बाळाची त्वचा आपल्या दुपटीहून जास्त. तिला ओला लंगोट लागून राहिला, की कापडात जे असेल ते आत जायला वाट मोकळी.

हे नुसतं भीती घालायला सांगत नाहीये. १८८६ साली रेनर नावाच्या डॉक्टरने ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एक हकीकत लिहिली होती. प्रसूतिगृहातली नुकती जन्मलेली बाळं एकाएकी निळी पडायला लागली. शोधता शोधता लक्षात आलं, की लंगोटांवर नव्याने शिक्के मारले होते आणि शिक्क्याच्या शाईत अ‍ॅनिलिन नावाचं विषारी रसायन होतं. लंगोट ओला झाला की शाई कातडीतून आत जायची आणि रक्ताची प्राणवायू वाहून न्यायची ताकद घालवायची. विसाव्या शतकातही हे पुन्हा पुन्हा घडलं. उपाय काय होता? शिक्का मारल्यावर लंगोट आधी धुवायचा, मग वापरायचा. एवढंच. चेकिंगच्या टेबलावर असताना हे माहीत असतं तर मी लेबलांवरची शाई जरा जास्त निरखून बघितली असती.

पण धुवा म्हटलं की आपल्यातल्या काही जणी पेटतात. मी त्यातलीच. माझ्या थोरल्याच्या वेळी मी प्रत्येक कपडा तीनतीनदा धुतला. सुवासिक पावडर, मग सुवासिक सॉफ्टनर, आणि शेवटच्या पाण्यात बूचभर जंतुनाशक. खोलीला दवाखान्यातल्या बागेसारखा वास यायचा. आईने एकदाच विचारलं, "अगं, कपडे धुतेस का मुरवतेस?" मी ऐकलं नाही.

१९६७ साली अमेरिकेतल्या सेंट लुइस शहरात घडलेली गोष्ट मला फार पुढे कळली. तिथल्या एका छोट्या प्रसूतिगृहात बाळांना दरदरून घाम सुटायचा आणि धाप लागायची. नऊ बाळं गंभीर आजारी पडली, त्यातली दोन गेली. कारण निघालं धुलाईत. कपड्यांना शेवटी जे जंतुनाशक लावायचे, त्यात पेंटाक्लोरोफिनॉल नावाच्या विषारी रसायनाचा क्षार होता आणि तो नको तेवढा घातला जात होता. कपडे धुतलेलेच होते, अगदी निगुतीने. आपल्या घरातल्या बाटलीत ते विष नसतं, मान्य. पण तेव्हापासून मी शेवटच्या पाण्यात पाण्याशिवाय काही घालत नाही.

आणि तीनतीनदा धुऊन झालं काय? तिसऱ्या दिवशी थोरल्याच्या छातीवर लाल चट्टे, त्यावर मध्ये पिवळट बारीक फोड. सासूबाईंनी चट्ट्यांकडे बघितलं, मग माझ्याकडे. "कपडे धुतले होतेस ना नीट?" मला रडूच फुटलं. डॉक्टरीणबाईंनी अंगठ्याने त्वचा ताणून बघितली आणि म्हणाल्या, याचं कपड्यांशी काही देणंघेणं नाही. पूर्ण दिवसांच्या जवळजवळ निम्म्या बाळांना हे येतं आणि आठवडा-दोन आठवड्यांत आपोआप जातं. नाव विचारलं तर म्हणाल्या, एरिथेमा टॉक्सिकम. नावातच विष! ज्याने कुणी हे नाव ठेवलं, त्याने बाळंतिणींचा जरा विचार करायला हवा होता. विषाचा त्यात काही संबंध नसतो. पुरळ एका जागी घासून येत असेल, इलॅस्टिकच्या किंवा शिवणीच्या रेषेतच असेल, तर मात्र कपड्याला पकडा.

नव्या कपड्यांची एवढी चर्चा करतो आणि जुने डोळे मिटून घालतो, हे मला आणखी विचित्र वाटतं. धाकट्याच्या वेळी जाऊबाईंनी मायेने गाठोडं पाठवलं होतं. उघडलं तर डांबरगोळ्यांचा असा भपकारा आला की दोघी मागे सरकलो. तळाशी अर्ध्या विरघळलेल्या गोळ्या, झबल्यांच्या घड्यांत पांढरा चुरा. डांबरगोळी म्हणजे पुष्कळदा नॅफ्थलीन. काही बाळांच्या रक्तात जी-सिक्स-पीडी नावाचं विकर (एन्झाइम) जन्मतःच कमी असतं, मुलग्यांत हे जास्त. अशा बाळाला नॅफ्थलीनच्या कपड्यात गुंडाळलं तर त्याच्या तांबड्या पेशी फुटायला लागतात, कावीळ झपाट्याने चढते आणि मेंदूपर्यंत इजा जाऊ शकते. जगात सुमारे ४० कोटी माणसांमध्ये ही उणीव आहे आणि बहुतेकांना ती असल्याचं माहीतही नसतं. तो वास एका धुण्यात जात नाही, हे मी धुऊन बघितलंय. शेवटी त्या गाठोड्यातलं एकही झबलं बाळाच्या अंगाला लावलं नाही. जाऊबाईंना काय सांगितलं ते विचारू नका.

धुण्याचं तंत्र म्हणाल तर त्यात काही नाही. वास नसलेली कुठलीही साधी पावडर किंवा द्रव साबण, आणि तोही पाकिटावर लिहिलेल्याहून कमी. बाळाचं चित्र असलेलीच बाटली घ्यायला हवी असं नाही. गडद रंग वेगळे, कारण पहिल्या पाण्यात लाल रंग उतरतोच आणि मग सगळी टोपडी गुलाबी. साबणापेक्षा खळबळण्यात वेळ घालवा. मी शेवटचं पाणी ओंजळीत घेऊन बोटं एकमेकांवर घासते. बुळबुळ लागली तर आणखी एक पाणी. मग पूर्ण वाळू द्यायचे. दमट घडी घातलेलं झबलं कोऱ्यापेक्षा वाईट.

एक गोष्ट मात्र कुणी सांगत नाही आणि ती मला धुण्याइतकीच महत्त्वाची वाटते. मोजे आणि हातमोजे उलटे करून बघा. आमच्या टेबलावर मोज्यांचा ढीग यायचा तेव्हा बाहेरचे धागे कापले जायचे, आतले कोण बघतो? पायाच्या बोटांशी आत लोंबणारे धागे असतात. त्यातला एखादा बोटाला वेटाळला आणि बाळाने पाय झाडले, की फास आवळत जातो. बोट सुजतं, काळंनिळं पडतं, आणि मोज्याच्या आत असल्यामुळे कुणाला दिसतही नाही. आईचा गळलेला केसही हेच करतो, आणि बाळंतपणानंतर केस गळतातच. बाळ कशानेच रडायचं थांबत नसेल तर आधी मोजे काढून दहाही बोटं बघा.

दुसऱ्या दिवशी दुपारी बहिणीने फोटो पाठवला. दोरीवर ओळीने झबली, टोपडी, लंगोट, आणि मोजे चक्क उलटे करून वाळत घातलेले. मी फोटो मोठा करून बघितला (सहा वर्षांची खोड), आणि लगेच फोन लावला.

"लेबलं कुठे गेली?"

"यांनी कापली. टोचतात ना मानेला! सगळी कापली, तेवीस."

"अगं, कापायची नसतात, उसवायची असतात. कापलं की शिवणीत खुंट उरतो आणि तो लेबलापेक्षा जास्त टोचतो. मानेमागे हात लावून बघ."

पलीकडे शांतता. मग लांबून तिचा आवाज आला, "अहो, ब्लेड आहे का घरात?"