आधी कॉल, मग स्क्रीन : पिस्तुलाच्या सरावाची एका आठवड्याची रोजनिशी

सोमवार, रात्री

उद्याच्या सत्राचा बेत आज रात्रीच वहीत उतरवायचा. रेंजवर पोहोचल्यावर ‘आज काय करू या’ असा विचार सुरू झाला की उत्तर ठरलेलंच असतं : मॅच मारू. साठ शॉट मारायचे, बेरीज करायची आणि घर गाठायचं. त्यात पेलेट (एअर पिस्तुलाच्या छोट्या गोळ्या) संपतात, पिस्तुलाच्या सिलेंडरमधली दाबाची हवा संपते आणि हाती उरतो एक आकडा. शॉट का गेला हे तो आकडा कधीच सांगत नाही.

म्हणून पानावर सगळ्यात वर एकच वाक्य हवं, आणि ते मोजता येईल असं हवं. ‘ट्रिगर सुधारायचा’ या वाक्याचा काही उपयोग नाही. ‘नेम स्थिरावल्यापासून आठ सेकंदांत शॉट सुटला नाही तर हात खाली, आणि असे खाली घेतलेले हात मोजायचे’ हे वाक्य कामाचं. एका सत्राला असं एकच काम पुरतं. दोन घेतली की दोन्ही अर्धवट राहतात.

10 मीटर एअर पिस्तुलाच्या दीड-पावणेदोन तासांची वाटणी मला अशी पटते. पहिली दहा मिनिटं खांदे, मान, मनगट मोकळं करायला. मग पंधरा मिनिटं नुसतं ड्राय, म्हणजे पेलेट न घालता ट्रिगर दाबणं. दहा सायटर, म्हणजे गुणांत न धरले जाणारे सुरुवातीचे अंदाजाचे शॉट. त्यानंतर वीस शॉट कोऱ्या कार्डावर, म्हणजे टार्गेट उलटं लावून. समोर काळा गोल नसला की डोळा मुकाट्याने फोरसाइटवर (नळीच्या टोकाच्या नेमाच्या खुंटावर) राहतो, आणि पडणारा ग्रुप, म्हणजे शॉटांचा पुंजका, आपल्या होल्डचा (हात धरण्याचा) आणि ट्रिगरचा खरा नमुना असतो. मग तीस शॉट टार्गेटवर, प्रत्येकाच्या कॉलसह, म्हणजे शॉट कुठे गेला असेल ते बघण्याआधीच सांगून. शेवटचे दहा मॅचसारखे, घड्याळ लावून. प्रत्यक्ष मॅचमध्ये साठ शॉटांना 75 मिनिटं मिळतात, म्हणजे एका शॉटला सव्वा मिनिट. वेळ भरपूर असतो. घाई होते ती वेळ कमी असल्यामुळे नव्हे, हात खाली घेण्याचा कंटाळा केल्यामुळे. दर दहा शॉटांनंतर पिस्तूल रिकामं करून, सेफ्टी फ्लॅग (नळी रिकामी असल्याची खूण) घालून टेबलावर ठेवायचं आणि तीन-चार मिनिटं खाली बसायचं. हा वेळही बेतात धरायचा, नाहीतर तो कधीच सापडत नाही.

मंगळवार

कॉलबद्दल सविस्तर लिहून ठेवतो, कारण सगळ्या वहीचा जीव यात आहे.

शॉट सुटला की हात लगेच खाली आणायचा नाही. एक-दोन सेकंद फोरसाइटकडेच बघत राहायचं, हा फॉलो-थ्रू. मग हात खाली, आणि शॉट कुठे लागला ते दाखवणाऱ्या स्क्रीनकडे नजर जाण्याआधी वहीत लिहायचं : शॉट सुटताना फोरसाइट कुठे होती, टार्गेटला घड्याळाची तबकडी मानून शॉट किती वाजताच्या दिशेला आणि किती गुणांच्या रिंगमध्ये गेला असेल. ‘9, चार वाजता’ इतकंच. त्यानंतर स्क्रीन बघून शेजारी प्रत्यक्ष नोंद : ‘9.3, पाच वाजता’. स्क्रीन अगदी हाताशी असते आणि डोळा आपोआप तिकडे वळतो, म्हणून तिच्यावर एक पुठ्ठा टेकवून ठेवावा. कागदी टार्गेट असेल तर कॉल लिहिल्याशिवाय कार्ड मागे बोलवायचं नाही, दुर्बिणीला डोळाही लावायचा नाही.

कॉल आणि शॉट जुळले की शॉट आठवर गेला तरी काळजी नाही. चूक झाली, ती दिसली, आता ती सुधारता येते. कॉल दहाचा आणि शॉट दर वेळी एकाच बाजूला जात असेल तर साइट, बदललेली पकड किंवा प्रकाश यांपैकी काहीतरी आहे. कॉल दहाचा आणि शॉट चारी दिशांना असतील तर सुटण्याच्या क्षणी डोळा फोरसाइटवर नव्हताच, तो टार्गेटवर गेला होता किंवा पापणी लवली होती. आणि कॉल आठचा असताना शॉट दहा लागला, तर त्या दहाला वहीत गोल करून खूण करायची. तो दहा नशिबाचा. स्कोअरमध्ये तो धरला जातो, सरावाच्या हिशेबात धरायचा नाही. मॅचच्या बेरजेत असे नशिबाचे दहा मिसळलेले असतात, म्हणून नुसत्या बेरजेवर माझा भरवसा नाही.

कॉल करताना दोन चुका वेगळ्या ओळखता यायला हव्यात. सगळा हात एक मिलिमीटर सरकला, पण फोरसाइट आणि बॅकसाइट (डोळ्याकडची खाच) एका रेषेत राहिल्या, तर शॉटही एकच मिलिमीटर सरकतो. पण दोन साइटमधलं अंतर 320 मिमी धरलं आणि फोरसाइट खाचेत फक्त पाव मिलिमीटर बाजूला गेली, तर 10 मीटरवर शॉट जवळजवळ 8 मिमी सरकतो. टार्गेटवर एक रिंग म्हणजे बरोबर 8 मिमी. हात थोडा हलणार, तो हलू द्यावा. खाचेतल्या फोरसाइटच्या दोन्ही बाजूंची प्रकाशाची फट मात्र सारखी राहायला हवी. म्हणून कॉलच्या शेजारी एक अक्षर : हात हलला तर ‘ह’, फट बिघडली तर ‘फ’. सत्र संपल्यावर ‘फ’ मोजायचे. पुढच्या सत्राचं वरचं वाक्य बहुतेक वेळा त्यातूनच मिळतं.

बुधवार

साइट कधी हलवावी?

तीन शॉट डावीकडे गेले की साइटच्या स्क्रूला हात जातो. तो आवरायला हवा. समजा चांगल्या कॉलचे शॉट मध्यापासून प्रत्येक दिशेला साधारण 6 मिमी विखुरतात. मग पाच शॉटांच्या ग्रुपचा मध्य निव्वळ योगायोगानेही अडीच-तीन मिमी बाजूला दिसू शकतो. वीस शॉट घेतले तर हीच शंका सव्वा-दीड मिमीवर येते. म्हणून नियम असा : चांगल्या कॉलचे निदान दहा, जमलं तर वीस शॉट, त्यांच्या ग्रुपचा मध्य काढायचा आणि मगच साइट. ‘फ’ची खूण असलेले शॉट त्यात धरायचे नाहीत. स्क्रू किती क्लिक (टिचक्या) फिरवला आणि कुठल्या दिशेला, ते वहीत. एक क्लिक किती मिमीची ते पिस्तुलाच्या पुस्तिकेत असतं आणि ते पिस्तुलागणिक वेगळं असतं. दुसऱ्याचं ऐकून क्लिक मोजू नयेत.

मॅचमध्ये मात्र वीस शॉटांची वाट बघता येत नाही. तिथे सायटरच्या वेळातच निर्णय घ्यावा लागतो, आणि तो घेण्याचं धाडस सरावातल्या नोंदींमुळेच येतं. या रेंजवर, दुपारच्या प्रकाशात, दोन क्लिक खाली लागतात हे लिहिलेलं असेल तर हात कचरत नाही.

स्कोअरचंही तसंच. दहा शॉटांच्या सिरीजमध्ये काल 95 आणि आज 93, यावरून काहीही ठरत नाही. इतका फरक त्याच नेमबाजाला, त्याच दिवशी, सलग दोन सिरीजमध्ये पडतो. मी निष्कर्ष काढतो तो महिन्याच्या सरासरीवरून.

रेंजवर भिंतीला तो गोल तक्ता लावलेला असतो : शॉट सात वाजता गेला म्हणजे ट्रिगर झटकला, खाली गेला म्हणजे मनगट मोडलं. तो उजव्या हाताच्या नेमबाजासाठी असतो, डावखुऱ्याने आरशात बघावा तसा उलटा वाचायचा. तक्ता वाईट नाही, पण तो निदान नाही, अंदाज आहे. आधी आपला कॉल काय होता ते बघावं.

गुरुवार

घरचा ड्राय. आज रेंज नाही, त्यामुळे नोंद छोटी.

पेलेटचा डबा खोलीतच नको, दुसऱ्या खोलीत. पिस्तूल उघडून नळी रिकामी असल्याचं डोळ्यांनी बघायचं, मग ते ड्राय-फायरवर टाकायचं. समोर कोरी भिंत, तिच्या मागच्या खोलीत कोणी नाही याची खात्री. वीस मिनिटं पुरतात. पहिला अर्धा वेळ कोऱ्या भिंतीवर : ट्रिगर सुटताना खाचेतली फोरसाइट हलते का, एवढंच बघायचं. उरलेला वेळ छोट्या काळ्या ठिपक्यावर. इथेही हात खाली घेण्याचा नियम तोच, कारण घरी लागलेली सवय रेंजवर तशीच येते.

काडतुसाच्या .22 पिस्तुलाबाबत एक खबरदारी. रिमफायरमध्ये फायरिंग पिन काडतुसाच्या कडेवर आपटते. चेंबर (काडतूस बसतं ती जागा) रिकामं असेल तर ती चेंबरच्या काठावरच आदळू शकते आणि काठाला खाच पडते. पुस्तिकेत परवानगी नसेल तर ड्रायसाठीचा प्लग किंवा डमी काडतूस घातल्याशिवाय घोडा सोडायचा नाही.

शुक्रवार

वहीचे रकाने पुन्हा आखले. तारीख, वेळ, रेंज, प्रकाश (ट्यूब, एलईडी, दाराकडचा उजेड). पेलेटच्या डब्याचा लॉट आणि हेडची, म्हणजे पेलेटच्या डोक्याची साइज, 4.49 की 4.50 मिमी. सिलेंडरचा दाब, सुरुवातीला आणि शेवटी. साइटचे क्लिक. किती शॉट, त्यांपैकी किती कॉल जुळले, किती वेळा हात खाली घेतला. दर दहाचा दशांशी स्कोअर. आणि शेवटी एकच वाक्य, उद्यासाठी. ‘आज मूड नव्हता’ असल्या नोंदी मी काढून टाकतो. झोप किती तास झाली हे मात्र लिहावं, ते मोजता येतं.

दाबाचा रकाना उगाच नाही. सत्राच्या शेवटी शॉट एकामागून एक खाली उतरत जातात तेव्हा दोषी दोघांपैकी एक : थकलेला खांदा किंवा रिकामा होत आलेला सिलेंडर. दाब रेग्युलेटरच्या (प्रत्येक शॉटला सारखा दाब देणाऱ्या भागाच्या) गरजेखाली गेला की पेलेटचा वेग पडतो आणि शॉट खाली जातो. निवाडा सोपा आहे. दुसरा, भरलेला सिलेंडर लावायचा आणि पाच शॉट मारायचे. ग्रुप वर आला तर हवा, नाही आला तर घरी जायचं. सिलेंडर 200 बारपर्यंत सावकाश भरावा. घाईने भरला की हवा तापते, काटा 200 दाखवतो आणि थंड झाल्यावर खाली येतो. सिलेंडरवर छापलेली तारीख वहीच्या पहिल्या पानावर हवी. मुदत संपलेला सिलेंडर वापरू नये, तो स्फोटाच्या धोक्याचा प्रश्न आहे.

शनिवार

25 मीटर. इथे सगळा हिशेब वेगळा.

महिलांच्या स्पर्धेत पहिले तीस शॉट प्रिसिजन : पाच-पाचच्या सिरीज, प्रत्येक सिरीजला पाच मिनिटं. मग तीस रॅपिड : हात 45 अंशांखाली धरून उभं राहायचं, दिवा हिरवा झाला की 3 सेकंदांत एकच शॉट, मग 7 सेकंद थांबायचं, असं पाच वेळा. प्रिसिजनला दहाची रिंग 50 मिमी, रॅपिडला 100 मिमी. रिंग दुप्पट मोठी दिसते म्हणून फसू नये. इथे दोन साइटमधलं अंतर जास्तीत जास्त 220 मिमी, त्यामुळे खाचेतली अर्ध्या मिलिमीटरची चूक 25 मीटरवर 57 मिमी होते, म्हणजे शॉट दहाच्या बाहेर.

रॅपिडच्या सरावात काडतुसं जाळण्याआधी नुसतं उचलणं पक्कं करावं. पाच वेळा उचला, एकदाही मारू नका. हात वर येतानाच ट्रिगरचा पहिला टप्पा घेतलेला हवा, आणि फोरसाइट काळ्याच्या खालच्या भागात येऊन थांबायला हवी, वर जाऊन परत खाली नव्हे. मग पाच वेळा उचलून त्यांपैकी एकदाच मारा. मग पूर्ण सिरीज. शॉट कधी सुटतो तेही नोंदवायचं : रेंजने परवानगी दिली तर हिरवा दिवा आणि आवाज दोन्ही येतील असा मोबाइलचा व्हिडिओ. सव्वादोन ते अडीच सेकंदांत सुटणारा शॉट मला योग्य वाटतो. दीड सेकंदाचे शॉट घाईचे असतात, आणि पावणेतीनच्या पुढचे शॉट उपटलेले.

सत्राच्या शेवटी हिट-मिसच्या सिरीज. फायनलमध्ये 10.2 किंवा वर गेलं तर हिट, 10.1 म्हणजे शून्य. 2018 च्या एशियाडमध्ये पालेम्बांगला कोल्हापूरची राही सरनोबत 34 हिटवर बरोबरीत होती आणि सुवर्ण शूट-ऑफमध्ये, म्हणजे बरोबरी सोडवणाऱ्या जादा शॉटांत ठरलं. असे पाच शॉट दमलेल्या हाताने मारावे लागतात. म्हणूनच ते सरावातही शेवटी ठेवायचे, ताज्या हाताने नव्हे.

रविवार

पेटी आवरण्याचा दिवस. ट्रिगरचं वजन तपासलं पाहिजे : एअर पिस्तुलाला कमीत कमी 500 ग्रॅम, 25 मीटरला 1000 ग्रॅम. नळी सरळ वर धरून ट्रिगरला वजन अडकवायचं आणि उचलायचं. अगदी 500 वर ठेवू नये, दहा-वीस ग्रॅम जास्त ठेवावेत, नाहीतर तपासणीच्या टेबलावर एखाद्या ग्रॅमने पिस्तूल परत येतं. सगळे स्क्रू एकदा हाताखालून जाऊ द्यायचे, ग्रिपचा तर नक्कीच. टोकियो ऑलिंपिकमध्ये मनू भाकरच्या पिस्तुलाची लिव्हर क्वालिफिकेशन चालू असतानाच तुटली, दुरुस्तीत वेळ गेला आणि 575 गुणांवर तिची फायनल दोन गुणांनी हुकली. कोणाचा भाग कधी तुटेल हे सांगता येत नाही. पण सुट्या भागांची यादी, एलन-कीची साइज आणि दुसरं पिस्तूल किती मिनिटांत उभं राहतं, हे आधी करून बघता येतं. पुढच्या आठवड्यात एक सत्र त्यासाठीच : वीस शॉटांनंतर मुद्दाम थांबायचं, पिस्तूल बदलायचं, पाच सायटर मारून पुन्हा मॅच सुरू करायची, आणि किती मिनिटं गेली ते वहीत लिहायचं.

मॅचच्या आठवड्यात शॉट निम्म्यावर, ड्राय तेवढाच. साइट, पेलेटचा लॉट, ग्रिप यांतलं काहीही बदलायचं नाही.

आणि पेटीच्या झाकणाला आतून साबणाची वडी. पेलेट शिशाचे असतात, बोटांवर शिसं राहतं. लेनवर डबा उघडून खाणं बंद, चहाच्या आधी साबणाने हात धुणं सक्तीचं, आणि रेंजवरचा टॉवेल घरच्या कपड्यांत धुवायला टाकायचा नाही.